कोयत्याचा वार, क्वार्टर आणि रात्रीचा गांजा: २२ वर्षांच्या एका पेशंटचं प्रकरण

पेशंट पुरुष, वय २२, पिंपरी-चिंचवडकडच्या एका वस्तीत आईवडील आणि बारावीतल्या बहिणीबरोबर राहणारा, आयटीआय फिटर अर्धवट सोडलेला, दीड-दोन वर्षं फूड डिलिव्हरी करणारा. डाव्या हातावर कोयत्याचा वार, कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी करंगळीकडचं हाड तुटलेलं, बोटं वर उचलणारे टेंडन कापलेले, नस नशिबाने वाचलेली. वार डोक्यावर येत होता, ह्याने हात आडवा घातला म्हणून हातावर निभावलं. एमएलसी (म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी मेडिको-लीगल केस) झालेली, पोलिसांनी जबाब घेतलेला, खुनाच्या प्रयत्नाचं कलम १०९ म्हणजे जुनं ३०७ लागलेलं (पोरं अजून ३०७च म्हणतात). केसपेपरवर कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांची एक ओळ, तोंडाला दारूचा वास. गांजाचा उल्लेख कुठेच नाही, कारण कोणी विचारलाच नव्हता.

मी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात काम करते, म्हणजे दिवसातला निम्मा वेळ महात्मा फुले योजनेची कागदपत्रं आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, उरलेल्या वेळात जमेल तसं पेशंटशी बोलणं. ओळख पटेल असे सगळे तपशील बदललेत, क्रम तेवढा तोच ठेवलाय. हे लिहायचं कारण असं की मारामारीत जखमी होऊन आलेल्या पोराला आपण टाके घालतो, प्लेट बसवतो आणि जाताना "दारू सोड रे बाबा" एवढं म्हणतो आणि आपलं काम झालं असं समजतो. ह्या पोराच्या बाबतीत दारू आणि गांजा ही दोन अगदी वेगळी कामं करत होती, आणि दोन्हीच्या मागे तिसरीच एक गोष्ट होती, भीती. ती बाजूला ठेवून नुसतं "व्यसन" म्हणून हात घातला असता तर काही हाती लागलं नसतं असं माझं मत आहे.

दुसरी-तिसरी रात्र

ऑपरेशन झालं शनिवारच्या रात्री, रविवारी ठीक होता, सोमवारी रात्री सिस्टरनी रिपोर्ट केलं की पेशंट झोपत नाही, घाम येतोय, जेवण परत पाठवलं, चिडचिड करतो, वॉर्डबॉयकडे बिडी मागितली. दारूचा वास आधीच लिहिलेला असल्यामुळे सगळ्यांना वाटलं दारू तुटल्याचा त्रास. ही शंका घेणं बरोबरच होतं कारण रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की साधारण दोन ते चार दिवसांत भ्रम होण्यापर्यंत मजल जाऊ शकते आणि त्यात माणूस दगावतो, पहिल्या दोन दिवसांत फिटसुद्धा येऊ शकते, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक पेशंटला विचारायलाच हवा. पण मानसोपचारच्या रेसिडेंट डॉक्टरांनी नीट बघितलं तर हात थरथरत नव्हते, दिवस-वार-जागा सगळं बरोबर सांगत होता, पल्स दुखण्याच्या मानानेच वाढलेली. रोज पिणारा नव्हताच तो. रोजचा होता तो गांजा, रात्री दोन-तीन जॉइंट, सिगरेटच्या तंबाखूत मिसळून, गेली तीन-चार वर्षं. गांजा बंद झाला की झोप उडते, भूक जाते, माणूस कावतो, घाम येतो, आणि हे पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं. त्यात निकोटीन पण बंद. आणि त्यात वॉर्डचं दार उघडं, रात्री कोणी पण आत येऊ शकतं, आणि ज्यांनी वार केला त्यातले दोघं अजून बाहेर. तो दाराकडे तोंड करूनच पडायचा, सिस्टरना वाटायचं हट्टी आहे.

पहिलं साधं काम हे केलं की त्याची कॉट दारापासून लांब, नर्सिंग स्टेशनच्या समोर घेतली आणि सिक्युरिटीला भेटायला येणाऱ्यांबद्दल सांगून ठेवलं. त्या रात्री तो चार तास झोपला. हे उपचारात मोडतं का नाही माहीत नाही पण माझ्या मते समुपदेशनाची सुरुवात तिथेच झाली.

बोलणं कसं सुरू झालं

नातेवाईक आजूबाजूला असताना दारूबद्दल विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "कधीतरी, मित्रांबरोबर". म्हणून आईला औषधांची चिठ्ठी देऊन खाली पाठवलं आणि आधी त्याला स्पष्ट सांगितलं की केसपेपर हा एमएलसीचा आहे, कोर्टाने मागितला तर द्यावा लागतो, त्यामुळे तू मला जे सांगशील त्यातलं उपचाराला लागेल तेवढंच त्यावर जाईल, बाकी माझ्या वहीत, पण कोणाचा जीव घ्यायचं तुझ्या डोक्यात असेल तर ते मी गप्प बसून ऐकणार नाही. ही शेवटची अट आधी सांगितलेली बरी. नंतर सांगितली की पोराला वाटतं फसवलं.

त्याची भीती होती गांजाचं कळलं तर पोलीस अजून एक केस टाकतील. ही भीती खोटी नाही, गांजा ओढणं हा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गुन्हा आहेच, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात ६४अ कलम आहे, स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देणारं. हे सांगितल्यावर तो एकदम मोकळा झाला असं काही नाही, "बघू" म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं, "मॅडम ते ६४ काय म्हणालात?"

मग प्रश्नावल्या भरल्या. दारूसाठी ऑडिट, जागतिक आरोग्य संघटनेची, दहा प्रश्न, ४० पैकी त्याचे १६ आले. गांजासाठी असिस्ट, तीही त्यांचीच, त्यात २१, म्हणजे मधली पायरी, २७ किंवा त्याच्या पुढे गेला की जास्त धोका समजतात. दोन्हीकडे तो मधल्या पायरीवर होता, म्हणजे ॲडमिट करून व्यसनमुक्ती करण्याएवढा नाही आणि "होईल आपोआप" म्हणून सोडून देण्याएवढाही नाही. आपल्याकडे नेमकी ह्याच पोरांसाठी काही सोय नसते. एकतर केंद्र नाहीतर काहीच नाही.

मोजमापाबद्दल एक सांगते कारण इथे बरेच जण गडबडतात. "किती पितोस" ला तो म्हणाला "एक क्वार्टर, फार नाही." क्वार्टर म्हणजे १८० मिली, आपल्याकडची व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्क्यांची, हिशोब केला तर ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं, म्हणजे ऑडिटच्या मापाने सहा ड्रिंक. एका बैठकीत ६० ग्रॅम म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत जड पिणं. आठ टक्केवाली स्ट्राँग बिअरची मोठी बाटली धरली तर ती चार ड्रिंक. त्याच्या ग्रुपमध्ये क्वार्टर म्हणजे सुरुवात असते, आणि शनिवारी दीड व्हायची. हा हिशोब मी कागदावर त्याच्यासमोर केला, काही न बोलता. तो बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे शनिवारी नऊ?" हो, नऊ. आणि वयाचं बोलायचं तर महाराष्ट्रात व्हिस्की-रमसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, बिअरला २१, हे त्याला माहीतच नव्हतं, त्याला काय कोणालाच माहीत नसतं, दुकानात विचारतं कोण.

ती रात्र, उलट्या बाजूने

मित्राचा वाढदिवस, कट्टा, केक, बाटल्या. जुनी खुन्नस होती, इन्स्टावरच्या एका स्टोरीवरून मॅटर झालेला, महिनाभर धुमसत होता. दोन बाइकवर समोरचे आले. बाकीचे पळाले, हा राहिला.

मी विचारलं नाही की दारूमुळे झालं का. असं विचारलं की पोरगं वकिलासारखं बोलायला लागतं. मी विचारलं, त्या रात्रीचा आणि ह्या सगळ्याचा तुला काही संबंध वाटतो का, का नाहीच. तो लगेच म्हणाला, "दारूमुळे नाय झालं मॅडम. ते येणारच होते." आणि ते खरंच होतं, ते येणारच होते, जखमी झालेल्याला तू प्यायलास म्हणून मार खाल्लास असं म्हणणं हे चूक पण आहे आणि क्रूर पण. मी म्हटलं बरोबर आहे. मग थोड्या वेळाने, पाणी पिऊन झाल्यावर, स्वतःच म्हणाला, "पण पिलो नसतो तर पळालो असतो. बाकीचे पळाले ना. मला वाटलं बघू काय करतात." ह्या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. ते त्याच्या तोंडून आलं म्हणून टिकलं, मी म्हटलं असतं तर लेक्चर झालं असतं.

बोलायच्या ह्या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात, विल्यम मिलर ह्या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दारू पिणाऱ्यांसोबतच्या कामातून ती पहिल्यांदा मांडली. जखमी माणसाशी हॉस्पिटलमध्येच बोलायचं ही कल्पना पण जुनी आहे, सिॲटलच्या ट्रॉमा सेंटरमधल्या १९९९ च्या अभ्यासात एका छोट्या संभाषणानंतर वर्षभराने आठवड्याला सरासरी २२ च्या आसपास ड्रिंक कमी झाले होते, ज्यांच्याशी बोलले नाहीत त्यांचे सातच्या आसपास. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात २०१० मध्ये १४ ते १८ वयाच्या, मारामारी आणि दारू दोन्ही असलेल्या पोरांवर इमर्जन्सीमध्येच जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचं सत्र करून बघितलं, मारामारी तीन महिन्यांपर्यंत कमी झालेली दिसली, सहा महिन्यांनी दारूमुळे होणारे त्रास कमी दिसले. आणि आपल्या शेजारी गोव्यात, २०१७ मध्ये लॅन्सेटला आलेला अभ्यास, डॉक्टर नसलेल्या साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑडिट १२ ते १९ असलेल्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार वेळा बोलायचं, तीन महिन्यांनी ३६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले, नुसत्या नेहमीच्या उपचारात २६ टक्के. म्हणजे शंभरात दहा जास्त. जादू नाही, पण वॉर्डात बसून बोलण्याच्या खर्चात दहा पोरं म्हणजे मला तरी खूप वाटतात. आमचा हा १६ वाला बरोबर त्याच पट्ट्यातला.

पण हे सगळं दारूचं. गांजाचं वेगळं आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये असंच छोटं संभाषण ड्रग्ज घेणाऱ्यांवर करून बघितलं, त्यातल्या बॉस्टनच्या अभ्यासात बहुतेक लोक गांजावालेच होते, आणि फरक काही पडला नाही. त्यामुळे गांजासाठी एकदा बोलून सोडायचं नाही हे मी आधीच धरून चालले होते.

पट्टीचा प्रश्न

शून्य ते दहाच्या पट्टीवर, कमी करणं तुला किती महत्त्वाचं वाटतं. दारू ७. गांजा ३. जमेल असं किती वाटतं, दारू ४, गांजा २. इथे आपली सवय असते की "३ च का?" विचारायचं, मग पोरगं गांजा कसा वाईट नाही ह्याची दहा कारणं देतं. उलटं विचारायचं, "३ का, शून्य का नाही?" तो म्हणाला, "हाडाचे डॉक्टर बोलले सिगरेटने हाड जुळायला टाइम लागतो. हात गेला तर गाडी गेली. गाडीचा हप्ता आहे." डाव्या हातात क्लच. हात म्हणजे गाडी, गाडी म्हणजे डिलिव्हरी, डिलिव्हरी म्हणजे हप्ता. आणि दुसरं कारण, जे मला अपेक्षितच नव्हतं, चाकणच्या एका कंपनीत चुलतभावाने शब्द टाकलेला आणि तिथे पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र लागतं. सध्या तो फिर्यादी आहे. उलटून एक जरी राडा केला तर आरोपी होणार आणि ते सर्टिफिकेट गेलं.

बदल्याचं बोलणं इथून सुरू झालं. मित्र भेटायला यायचे, एकाने कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिसळून आणलेली सिस्टरनी पकडली, दुसऱ्याने ह्याचा बँडेजवाला फोटो टाकून "वाघ जखमी आहे, संपला नाही" अशी स्टोरी लावली. मला विचाराल तर ती बाटली आणि ती स्टोरी ह्यात जास्त धोकादायक स्टोरी होती. "भाऊ तू फक्त बरा हो, एकेकाला बघतो" हे जो म्हणतो तो पळालेल्यांतलाच एक, हे मी बोलले नाही, पण विचारलं की त्या रात्री तुझ्याबरोबर शेवटपर्यंत कोण होतं. बराच वेळ गप्प. मग, "रिक्षावाला." ज्याने उचलून आणलं तो रिक्षावाला. स्टोरी त्याने त्याच संध्याकाळी काढायला लावली. खुन्नस गेली असं नाही, ती अजून आहे, पण डोक्यात "बघू नंतर" वर गेली, आणि आमच्या कामात "नंतर" मिळालं तरी पुष्कळ.

ठरलं काय

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं (उजवा हात शाबूत होता). दारू आठ आठवडे शून्य, कारण दुखण्याच्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल आहे आणि दारूबरोबर ती घेतली तर गुंगी वाढून श्वासावर परिणाम होऊ शकतो, फिट येऊ शकते. आठ आठवड्यांनंतर महिन्यातून दोनदा, बिअरच, दोन पाइंट, क्वार्टर नाही. त्या कट्ट्यावर नाहीच. गांजा रात्री एकच, तंबाखू न मिसळता, आणि झोप लागत नाही म्हणून दुसरा नाही.

गांजा "एक" चालेल असं लिहून घेतलं ह्यावर आमच्याच लोकांनी भुवया उंचावल्या. माझं म्हणणं सरळ होतं, ३ आकडा सांगणाऱ्याकडून शून्य लिहून घेतलं तर तो पुढच्या वेळी खोटं सांगणार आणि खोटं सांगणारा पेशंट फॉलोअपला येत नाही. मी त्याला गांजा ओढ असं सांगितलं नाही, आहे तिथून किती कमी करशील विचारलं.

घरच्यांचं. काकांनी एक केंद्र शोधलेलं, "ते लोक घरून उचलून नेतात, सहा महिने ठेवतात, फोन पण देत नाहीत, सरळ करतात." आईचं मन अर्धं तयार होतं. तिला समजावलं की मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारू-ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक त्रास पण येतात, कळत्यासवरत्या सज्ञान माणसाला असं उचलून डांबता येत नाही, आणि त्याला आत्ता गरज ती नाहीच. ज्याला रात्री दार वाजलं की धडकी भरते त्याला चार अनोळखी माणसांनी पहाटे उचलून नेलं तर काय होईल ह्याचा विचार करा मावशी, एवढं म्हटलं. ती रडायला लागली, काकांच्या केंद्राचं बोलणं तिथेच थांबलं. केंद्र वाईटच असतात असं माझं मुळीच म्हणणं नाही, १९८६ पासून पुण्यात मुक्तांगण आहे, गरज असलेल्याला मी तिकडे पाठवतेच. आईला काम दिलं ते असं की तोंडाचा वास घेणं बंद, "बाप कष्ट करतो आणि तू" बंद, संध्याकाळी सात ते दहा घरात माणूस असू दे आणि जेवण गरम असू दे. वडील वॉचमन, रात्रपाळी, ते भेटले एकदाच, म्हणाले मला काय बोलता येत नाही, मी म्हटलं बोलू नका, फिजिओला त्याच्याबरोबर या. आले. आठवड्यातून एकदा तरी यायचेच.

पुढे

स्वप्नांबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं हे फार उपयोगी पडलं. रोज गांजा घेणाऱ्याने कमी केला की स्वप्नं जोरात परत येतात, अगदी खरी वाटावीत अशी, आणि ज्याच्यावर वार झालाय त्याला स्वप्नात काय दिसणार. तो घाबरून "डोकं फिरतंय का माझं" म्हणून फोन करणार हे माहीत होतं, केलाच. पण आधी सांगितलेलं असल्यामुळे त्या रात्री दुसरा जॉइंट न लावता फोन केला. महिना उलटला तरी दचकणं, बाइकचा आवाज आला की भिंतीला चिकटणं, गर्दीत पाठ करून न बसणं चालूच होतं, म्हणून मानसोपचार ओपीडीला नेलं, तिथे पीटीएसडीचं (जीवघेण्या प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) निदान झालं, सवय न लागणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि बोलण्याचे उपचार पण. तोपर्यंत सगळे त्याला "गांजामुळे असा झालाय" म्हणत होते, उलटं होतं, आधी सवय होती ती घटनेनंतर औषध झाली.

तिसऱ्या आठवड्यात त्याला सातारा जिल्ह्यात आत्याच्या गावी पाठवलं, कट्ट्यापासून लांब. सगळे खूश, गांजा जवळपास बंद कारण तिथे ओळख नाही, माल मिळत नाही. फोनवर आई सांगायची "पोरगा सुधारला". मी दर वेळी दोन आकडे वेगवेगळे विचारायचे, मागच्या सात रात्रींत गांजा किती रात्री, दारू किती रात्री. गांजा शून्य. दारू, आधी शून्य, मग दोन, मग चार. झोप येत नाही म्हणून आतेभावाबरोबर देशी घ्यायला लागला होता, त्यात गावची जत्रा आली, तिथे तर कोण विचारतं. म्हणजे एक आकडा खाली गेला आणि दुसरा वर चढला. मी नुसतं "कसं चाललंय" विचारलं असतं तर "गांजा सोडला मॅडम" ऐकून फाइल बंद केली असती. दारूची जागा मित्रांची होती, गांजाची झोपेची, आणि गावात मित्र नव्हते पण रात्र तीच होती, म्हणून दारू झोपेच्या जागेवर येऊन बसली.

म्हणून परत आणलं, फिजिओही चुकत होताच, बोटं आखडायला लागली होती. परत आल्यावर झोपेवरच काम केलं, दुपारची झोप बंद, रात्री मोबाइल बहिणीकडे, खाट खिडकीपासून हलवली, ओपीडीच्या गोळ्या वेळेवर, पहिल्यांदा त्रास झाला की टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कारण रात्री दोनला मी उचलणार नाही हे पण सांगितलं. व्यसनासाठीची १४४४६ पण लिहून दिली होती, तिकडे त्याने फोन केला नाही. त्याला वाटलं ती "बेवड्यांसाठी" आहे. असो.

ऑडिट परत भरून घेतली नाही. ती मागच्या वर्षभराचं विचारते, तीन महिन्यांनी भरली तर जुनंच सगळं मोजलं जातं आणि पोराला वाटतं काहीच बदललं नाही. त्याऐवजी कॅलेंडर घेऊन मागचे तीस दिवस एकेक करून भरायचे, पगाराचा दिवस, कोणाचा वाढदिवस, मॅच, असं आठवत आठवत. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तीस दिवसांत दारू तीन दिवस, त्यातला एक दिवस क्वार्टरचा. गांजा अकरा रात्री, रोजच्या दोन-तीन जॉइंटवरून. हाड जुळलं. मूठ पूर्ण वळते, बोटं पूर्ण वर जात नाहीत पण क्लच दाबता येतो.

सगळ्यात वाईट रात्र त्यानंतर आली. आरोपींपैकी दोघांना जामीन झाला आणि सुटल्यावर त्यांच्या पोरांनी गाड्यांची रॅली काढली, हॉर्न वाजवत, ह्याच्या गल्लीवरून. त्या रात्री तो दीड क्वार्टर प्यायला आणि घरातला सुरा घेऊन जिन्यात बसला. बहिणीने बघितलं, वडिलांना कामावर फोन केला, ते पाळी सोडून आले आणि त्याच्या शेजारी जिन्यात बसले, पहाटेपर्यंत, बोलता येत नाही म्हणणारे. सकाळी मला फोन आला तो वडिलांचाच होता. जामिनाच्या अटींत फिर्यादीच्या भागात फिरायचं नाही असं होतं, म्हणून पोलीस स्टेशनला लेखी तक्रार दिली, वकिलामार्फत कोर्टात पण अर्ज केला, ह्यात माझा तीन दिवसांचा वेळ गेला आणि ह्याला समुपदेशनाच्या रजिस्टरमध्ये रकानाच नाही. पण दारू कमी करायची तर हे पण करावंच लागतं, धोका खराखुरा असताना नुसतं "रिलॅक्स हो" म्हणून काय उपयोग.

आता सहा महिने होऊन गेलेत. दारू महिन्यातून एक-दोनदा, दोन पाइंटचा नियम बहुतेक वेळा पाळतो. गांजा आठवड्याला एक-दोन रात्री, तंबाखूशिवाय, तो पूर्ण बंद करायचा का ह्यावर आमचं एकमत नाही. त्याचा पट्टीवरचा आकडा ३ वरून ६ वर आलाय, मी रेटत नाही. चाकणच्या नोकरीसाठी पडताळणीचा अर्ज केलाय. केस उभी राहायची आहे, साक्षीला समोरासमोर यावं लागणार, त्याच्या आधीचा आठवडा अवघड जाणार हे त्यालाही कळलंय. त्या आठवड्यात ओपीडीची अपॉइंटमेंट घ्यायची, वडिलांनी दिवसपाळी मागून घ्यायची आणि खर्चाचे पैसे आईकडे द्यायचे असं आत्तापासून ठरवून ठेवलंय, तारीख लागली की फोन करतो म्हणाला.